पाटी पाडायला किती जोर लागतो

माझ्या खांद्यात जोर नाही, सगळा तोंडात आहे, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मी ज्या खेळात पडले तिथे काम खांद्याचं असतं, आणि तोंड चालवलं की लोक बाई भांडकुदळ आहे म्हणतात. मी तीन वर्षं तोंड चालवलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

आम्ही केंब्रिजला राहतो. गाड्यांच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघते, म्हणजे लोकांच्या चुका मोजायचा पगार घेते. नवरा मार्कहॅमच्या एका कंपनीसाठी बेसमेंटमध्ये बसून कोड लिहितो. शनिवारी तो ग्रोसरीला जातो आणि मी गावाबाहेरच्या शूटिंग क्लबवर. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत चटईवर पालथं पडून पॉइंट टू-टू रायफल चालवली होती. पुढे लग्न, लेक, व्हिसा, घर यांत ते राहून गेलं. इथे एकदा क्लबचा ओपन डे पाहिला आणि हात शिवशिवायला लागले. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. मॉन्ट्रियलला शिकणाऱ्या लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम."

या खेळाला मल्टी-गन म्हणतात. एकाच फेरीत एकाहून जास्त प्रकारच्या बंदुका चालवायच्या. पूर्वी पिस्तूलही असायचं. आता इथल्या कायद्याने पिस्तूल नव्याने विकत घेता येत नाही, म्हणून आमच्या क्लबात रायफल आणि शॉटगन या दोनच. बझर वाजला की रायफलने लांबची लक्ष्यं मारायची, ती रिकामी करून टेबलावर ठेवायची, शॉटगन उचलून चार पावलं पळायचं आणि समोरच्या सहा पोलादी पाट्या छर्ऱ्यांनी पाडायच्या. कमी वेळ लागेल तो जिंकला. उभ्या राहिलेल्या प्रत्येक पाटीमागे दहा सेकंद दंड.

शॉटगन घ्यायची वेळ आली तेव्हा ज्याला विचारावं तो बारा बोअर म्हणायचा. बोअरचा आकडा उलटा असतो, बारा मोठी आणि वीस लहान. मी क्लबची बारा बोअर महिनाभर वापरली आणि त्या महिन्यात माझा उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. नवऱ्याने कामावर जाताना फुल बाह्या घाल म्हणून सांगितलं, लोकांना भलताच संशय यायचा. शेवटी मी वीस बोअरची पंप शॉटगन घेतली. तिचा दस्ता माझ्या हाताला लांब पडत होता, तो सव्वा इंच कापून घेतला. नळीच्या तोंडाशी छर्रे फार पसरू न देणारा चोक बसवला. बंदूक अशी खांद्याला लागली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग मी ती पाट्यांसमोर घेऊन गेले.

त्या पाट्या क्लबातल्या एका जुन्या सभासदाने बनवल्या होत्या. पंचाहत्तरीला आलेले, सगळा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेला, हात फावड्यासारखे. आमच्या क्लबात ही मॅच त्यांनीच सुरू केली, आणि भंगारातल्या जाड पोलादातून माणसाच्या छातीइतक्या उंच या पाट्याही त्यांनीच कापल्या. पाटीच्या पायाशी बिजागरी आणि मागे एक बोल्ट. बोल्ट फिरवला की पाटी जरा मागे किंवा पुढे कलते, म्हणजे पडायला सोपी किंवा अवघड होते. त्यांनी तो बोल्ट स्वतःच्या बारा बोअरला बघून लावला होता. माझे छर्रे लागायचे, टणकन आवाज व्हायचा, पाटी मागे झुकायची, विचार केल्यासारखं करायची आणि पुन्हा सरळ उभी राहायची.

यासाठी खेळात एक रीत आहे. लागूनही न पडलेल्या पाटीला पुन्हा मारायचं नाही. ती तशीच सोडायची आणि फेरी संपल्यावर टेस्ट मागायची. मग पंच त्याच जागेवरून, क्लबने ठरवलेल्या बंदुकीने, पाटीच्या डोक्यावर रंगवलेल्या वर्तुळात एकच बार टाकतो. पाटी पडली तर दोष नेमबाजाचा, दंड कायम. नाही पडली तर दोष पाटीचा, आणि फेरी पुन्हा खेळायला मिळते. रीत चांगली आहे. फक्त आमच्याकडे टेस्टची बंदूक होती वेल्डरसाहेबांची स्वतःची बारा बोअर, आणि पंचही तेच. मी टेस्ट मागायची, ते बार टाकायचे, पाटी मुकाट्याने आडवी व्हायची.

"पाटी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे.

मी त्यांना कारखान्यातलं उदाहरण दिलं. ब्रॅकेटच्या भोकातून सगळ्यात जाड बोल्ट जायला हवा असेल, तर आम्ही सगळ्यात जाड पिन घालून बघतो. बारीक पिन घालून 'जाते की' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. "तुमच्या नियमात वीस बोअर चालते म्हणून लिहिलंय ना? मग टेस्ट वीस बोअरनेच करा. नाहीतर चालत नाही म्हणून लिहा."

"पाटी सगळ्यांना सारखीच आहे," ते म्हणाले. "पडत नसेल तर मोठी बंदूक घे."

हे त्यांनी दहा-बारा जणांसमोर सांगितलं. घरी येताना गाडीत मी एकटीच होते, म्हणून मनसोक्त मराठीत बोलून घेतलं. घरी नवरा म्हणाला, "काय झालं? पुन्हा उभी राहिली वाटतं. नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे."

"मग सोड ना तो क्लब. बॅडमिंटन खेळ."

मी सोडला नाही. दर मॅचला गेले, दर मॅचला दहा-वीस सेकंदांचा दंड खाल्ला आणि दर मॅचला टेस्ट मागितली. तोपर्यंत हट्टाशिवाय माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात कळलं की वेल्डरसाहेब ड्राइव्हवे शोव्हल करताना बर्फावर घसरले, उजव्या खांद्याचा स्नायू फाटला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हात चालेल, पण बारा बोअर यापुढे कधीही नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग नवऱ्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला माझी लाज वाटली.

पाट्या हिवाळ्यात दुरुस्तीसाठी त्यांच्या गॅरेजमध्ये असायच्या. एप्रिलमध्ये क्लबच्या सेक्रेटरीने मेल पाठवला, साहेब आता येणार नाहीत, पाट्या कोणी आणू शकेल का. आमच्याकडे व्हॅन आहे. मी हो म्हटलं. निघताना कपाटातून एक वस्तू काढून पर्समध्ये टाकली.

"काय करून राहिली तू?" नवऱ्याने विचारलं. "हा कशाला? इंडियाला जाऊन राहिलो का आपण?"

तो बॅगा तोलायचा काटा होता. इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. हुकाला बॅग लटकवायची, आणि आकडा तेवीसच्या वर गेला की लोणच्याची बरणी बाहेर काढायची.

गॅरेजमध्ये वेल्डरसाहेब खुर्चीवर बसले होते. उजवा हात पोटाशी धरलेला, माणूस एका हिवाळ्यात निम्मा झालेला. पाट्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या होत्या, नव्याने पांढऱ्या रंगवलेल्या. एका हाताने रंगवायला त्यांना आठवडा लागला होता.

"घेऊन जा," ते म्हणाले. "यापुढे तुम्ही बघा."

"आणि तुम्ही?"

त्यांनी सांगितलं की बंदुका विकायच्या आहेत, शेजारच्या गावातला एक माणूस घ्यायला तयार आहे. मी म्हटलं, वीस बोअर घ्या ना, तिचा धक्का तुमच्या खांद्याला झेपेल. ते म्हणाले, घ्यायला कशाला हवी, घरातच आहे. त्यांच्या बायकोची होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

"त्यांनी कधी तक्रार केली नाही का? पाटी पडत नाही म्हणून?"

"ती रानातली तितरं मारायची. पाट्यांना तिने कधी हात लावला नाही." मग ते म्हणाले, "मी तुला तीन वर्षं सगळ्यांसमोर काय सांगत आलो, ते सगळ्यांना पाठ आहे. आता तीच बंदूक घेऊन मी माझ्याच पाट्यांसमोर उभा राहू? आणि त्या पडल्या नाहीत तर?"

मी पर्स उघडली. आत काटा होता. मी एक पाटी काँक्रीटवर उभी केली, डोक्याजवळच्या भोकात हुक अडकवला आणि मागून हळूहळू ओढायला लागले. पाटी कलंडली तेव्हा काट्यावर दीड किलो होतं. दुसरी पावणेदोनला पडली. तिसरी दोनला. चौथीला तीन किलो लागले. मी तीनदा ओढून बघितलं, तीनदा तेवढंच आलं. वेल्डरसाहेब खुर्चीवरून उठले, माझ्या हातातून काटा घेतला आणि डाव्या हाताने स्वतः ओढला. तीन किलो.

"मी सगळ्या एकाच मापाने कापल्या होत्या," ते म्हणाले.

कापल्या होत्या खऱ्या. पण बिजागऱ्या गंजल्या, बोल्ट झिजले, एक पाय वाकला. बारा बोअरच्या दणक्याखाली सगळ्याच आडव्या व्हायच्या, म्हणून दीड आणि तीनमधला फरक त्यांना कधी दिसलाच नाही. तो फक्त मला दिसत होता.

"चार वर्षं तू हेच सांगत होतीस."

"तीन," मी म्हटलं. क्वालिटीवाल्या माणसाला राहवत नाही.

त्या दिवशी आम्ही पाट्या व्हॅनमध्ये भरल्या नाहीत. पुढचे तीन शनिवार मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. ते सांगायचे, मी ग्राइंडर चालवायचे. बिजागऱ्या नव्या झाल्या, बोल्ट बदलले, सहाही पाट्या दीड किलोवर आणल्या. क्लबच्या कमिटीपुढे मी नियम मांडला: टेस्ट नेहमी परवानगी असलेल्या सगळ्यात हलक्या बंदुकीने. कोणी हरकत घेतली नाही. इतकी वर्षं हरकत घेणारा माणूस माझ्या शेजारी बसून मान डोलावत होता. तरीही बंदुका विकायचं त्यांनी रद्द केलं नव्हतं. मेची पहिली मॅच खेळून बघतो, एवढंच म्हणाले. तिथे जमलं नाही, तर तो माणूस त्याच संध्याकाळी येऊन सगळं घेऊन जाणार होता. वेळसुद्धा ठरली होती, सहाची.

मॅचच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि पाट्या मैदानावर मांडल्या. मागे वळून कॉफीचं झाकण उघडते तोच धप्प आवाज आला. दुसरी पाटी पडली होती. बंदूक तर सोडाच, तिथे माणूसही नव्हता. ती उभी करेपर्यंत पाचवी पडली. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिसरी गेली. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काँक्रीटवर मोजलं होतं. इथे खाली बर्फ वितळून मऊ झालेली माती होती, पाट्यांचे पाय रुतत होते आणि प्रत्येक पाटी वेगळ्या बाजूला कलली होती. वस्तू जिथे वापरायची तिथेच मोजायची, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वेल्डरसाहेब आले, पाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तीन वर्षांचं उट्टं आता निघणार.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "फरशी चुकली. माझ्या ट्रकमध्ये पेव्हर आहेत."

अंगणात फरसबंदीला घालतात तसे सिमेंटचे ठोकळे त्यांनी पॅटिओसाठी आणले होते. आम्ही ते पाट्यांखाली दाबून बसवले, लेव्हल लावली आणि प्रत्येक पाटी जागेवर पुन्हा ओढून बघितली. माझी उरलेली कॉफी तोवर थंडगार झाली होती, ती त्यांनी प्यायली.

त्यांची पाळी दुपारी आली. पंच मी होते आणि टेस्टची बंदूकही माझीच, कारण त्यांच्या बायकोची सोडली तर क्लबात वीस बोअर तीच एक होती. त्यांच्या फेरीआधी पाट्यांवर ताजा रंग मारला. बझर वाजला. रायफल त्यांनी सावकाश पण नीट चालवली. ती ठेवून बायकोची वीस बोअर उचलली, चालत जागेवर आले आणि पहिली पाटी पाडली. दुसरी, तिसरी. चौथी पडली, पाचवी पडली. सहावीला टणकन लागलं, ती मागे झुकली, थरथरली आणि सरळ उभी राहिली.

मला तो आवाज आणि ते उभं राहणं तोंडपाठ होतं. त्यांनी क्षणभर नळी तशीच रोखून धरली. मग बंदूक रिकामी करून मला दाखवली आणि म्हणाले, "टेस्ट."

मी त्यांच्या जागेवर उभी राहिले. माझ्या मनात काय होतं ते लिहिते. ही पाटी पडू नये असं मला वाटत होतं. नाही पडली तर दोष पाटीचा, त्यांना फेरी पुन्हा मिळेल आणि सहाही पडतील. पडली तर दंड, आणि सहा वाजता तो माणूस. वर्तुळाच्या हातभर खाली मारलं की पाटी उभी राहते, हे माझ्याइतकं तिथे कोणालाच माहीत नव्हतं. वाऱ्यामुळे बार खाली गेला म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. मला ते करावंसं वाटलं. अगदी खरंच वाटलं. पण मग तीन वर्षं मी कशासाठी भांडले होते? बंदूक माझ्या बाजूची असली की टेस्ट वाकवायची, एवढ्यासाठी? मी वर्तुळावर नेम धरला आणि चाप ओढला.

पाटी मागे गेली आणि आडवी झाली.

मला त्यांच्याकडे बघवेना. दंड मी मोठ्याने सांगितला, कारण सांगावा लागतो. मग आम्ही दोघं पाटीपाशी गेलो. पुन्हा रंगवण्याआधी पंच आणि नेमबाज दोघांनी ती बघायची असते. पांढऱ्या रंगावर ठिपक्यांचे दोन पुंजके होते. वर वर्तुळात माझा, आणि खाली, पाटीच्या पोटावर, त्यांचा. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"सॉरी," मी म्हणाले.

"तुझी वीसच ना?"

"हो."

"काडतुसं?"

"तुमचीच. तुमच्याच खोक्यातलं घेतलं होतं, सगळं सारखं असावं म्हणून."

"म्हणजे बंदूक पुरते," ते म्हणाले. त्यांनी बोटाने खालचे ठिपके पुसल्यासारखे केले. "पाटी बरोबर आहे. मी खाली मारलं. चूक माझी आहे."

स्वतःची चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिथेच चिखलात उभं राहून त्या गिऱ्हाइकाला सांगितलं की आज सहाला येऊ नकोस, मला खाली मारायची सवय लागली आहे, ती घालवायला सगळा उन्हाळा जाईल.